लाल पडलेले पापड

आमच्या घरात देवापेक्षा जास्त ताकद कुणात असेल, तर ती बाहेर बसलेल्या बाईत होती. तिची नुसती सावली पडली की पापड लाल होत, लोणच्याला बुरशी धरे, तुळस वाळे, मोगऱ्याच्या कळ्या गळत, आणि एखादा साप आडवा गेलाच तर तो बिचारा आंधळा होई. एवढी थोर बाई, पण तिला चार दिवस ताटात वरून टाकून वाढत आणि तहान लागली तर कुणीतरी येऊन ओंजळीत पाणी घालीपर्यंत ती वाट पाहत बसे. यातलं काही विचित्र आहे असं घरात कुणालाच वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हातारपणी लिहायला बसलं की जो तो आपण पाळण्यातच शहाणे होतो असं लिहितो. मी नव्हते. मी तेरा वर्षांची होते, मराठी सातवीत होते, आणि आत्याबाई म्हणतील ते खरं मानत होते.

आत्याबाई म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, डोक्यावरचे केस गेले, अंगावर लाल आलवण आलं आणि ती भावाच्या घरी आली ती कायमची. अण्णा नाशकात कोर्टात कारकून होते. दिवसभर साहेबापुढे मान खाली आणि घरी आल्यावर बहिणीपुढे मान खाली, त्यामुळे त्यांचा चेहरा मला नीट आठवतच नाही. आई तर इतकी गप्प की ती स्वयंपाकघरात आहे हे भांड्याच्या आवाजावरूनच कळायचं. गंगेपासून हाकेच्या अंतरावर आमचं भाड्याचं घर होतं, खाली तीन खोल्या, वर गच्ची, मागच्या अंगाला सरपणाची खोली. या एवढ्याशा घरात आत्याबाईंची सत्ता चाले. तिनं काय भोगलं ते बघ, तिची कीव कर, असं मला पुष्कळांनी सांगितलं. भोगलं होतंच. पण ज्याचा पाय आपल्या मानेवर आहे, त्याच्या पायातला काटा काढायची मला हौस नाही.

तिच्या वैभवाचे दिवस म्हणजे चैत्रातले. आमच्या गल्लीत पापडांचा फेरा असे. आज आमच्याकडे, उद्या समोरच्यांकडे, परवा कोपऱ्यावरच्या घरी. ज्या घरी पापड त्या घरी गल्लीतल्या दहा-बारा बायका पोळपाट-लाटणी घेऊन हजर. पण पीठ कुणाच्याही घरचं असो, खार किती घालायचा हे आत्याबाई ठरवणार. पापडखाराचं पाणी ती रात्रीच उकळून, गाळून ठेवी. पहाटे उडदाच्या पिठाचा घट्ट गोळा उखळीत पडला की मुसळाचा आवाज सुरू होई, आधी ठक्क ठक्क, आणि पीठ तेल पिऊन मऊ पडत गेलं की दबका, ओला. त्या आवाजावरून आतल्या खोलीत बसून ती सांगे, "अजून झालं नाही." आणि ते झालेलं नसायचंच. मग दोऱ्यानं कापलेल्या लाट्या, हिंगाचा वास, तेलात बुडवून कच्ची खाल्लेली लाटी. ती चव मी अजून विसरलेले नाही. त्या घरातलं विसरू नये असं तेवढंच होतं असं मी म्हणत असे, पण ते खरं नाही. वहिनी होती.

वहिनी मनमाडची. तिचे वडील रेल्वेत गार्ड. सतरा वर्षांची, माझ्याहून चारच वर्षांनी मोठी, हसली की नाक आधी हसायचं. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. दुपारी भांडी आवरली की ती माझं इतिहासाचं पुस्तक घेऊन मला प्रश्न विचारी आणि उत्तर चुकलं की माझ्या वेणीला हळूच ओढ देई. माझी सातवीची फायनलची परीक्षा व्हावी असं त्या घरात तिच्याइतकं कुणालाच वाटत नव्हतं. तिची एकच खोड होती, मनात आलेलं बोलून टाकायची. एकदा ती बाहेर बसली असताना मला म्हणाली, "आमच्या क्वार्टरला दोनच खोल्या, वन्सं. तिथं बाहेर बसायचं म्हटलं तर थेट रुळावर बसावं लागेल." आम्ही दोघी हसलो. पलीकडे विहिरीवर आत्याबाई पाणी शेंदत होती. तिनं दोर तसाच धरून ऐकलं आणि मग घागर वर ओढली. त्या दिवसापासून ती वहिनीचे दिवस बोटांवर मोजू लागली.

रंगपंचमी झाली आणि दादा, माझा भाऊ, कराचीला गेला. तिथल्या बंदरावरच्या कचेरीत त्याला नोकरी लागली होती. वर्षभर रजा नाही, मग बिऱ्हाड करू, असं ठरलं होतं. रामनवमीनंतर आमच्या घरचा पापडांचा दिवस आला. आदल्या दिवशी आडगावची गोदाबाई आमची वर्षाची हळद कुटून गेली. जाताना मला म्हणाली, "लय बारीक झालीय बघ. उखळ तेवढी पाणी घालून चांगली धुऊन काढ पोरी, नुसती पुसू नको. हळद लय चिवट आसती." मी हो म्हटलं. आणि फडक्यानं पुसून मोकळी झाले, कारण संध्याकाळी समोरच्यांकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं आणि मला डाळ-पन्ह्याची घाई होती. घडलं ते एवढंच. यात विटाळ नाही, सावली नाही, काही नाही. एका आळशी पोरीनं उखळ धुतली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनीनं पीठ कुटलं. माजघरात उजेड बेताचा, बायका गप्पांत, लाटताना कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मी आणि वहिनी परातीतून पापड वर नेत होतो आणि गच्चीवर बाजांवर पांघरलेल्या जुन्या लुगड्यांवर घालत होतो. ऊन चढल्यावर आत्याबाई वर आली. तिच्यामागून समोरच्या काकू आणि आणखी दोघी-तिघी. बाजेजवळ जाऊन ती वाकली, एक पापड उचलला, उन्हात धरला. पापडावर लाल रेघा आणि ठिपके होते. दुसरा उचलला, तोही तसाच. समोरच्या काकूंनी तोंडावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "अगं बाई, लाल पडले की हो!" मग सगळ्यांनी वहिनीकडे पाहिलं. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, कारण मी अजून बाहेर बसायला लागलेच नव्हते.

"कधीपासून लपवते आहेस?" आत्याबाईनं विचारलं.

"मी कशाला लपवू? मला काही झालेलं नाही."

"पाडव्याला बसायला हवी होतीस. त्यावर दहा दिवस गेले. मी मोजते आहे."

वहिनीचा चेहरा लाल झाला. खाली बघून ती म्हणाली, "दिवस वर गेलेत, आत्याबाई. म्हणून मी... मला वाटलं, आणखी थोडं थांबून सांगावं."

"हो का? आता आठवलं होय हे? कपडा दाखव."

"नाहीच झालं तर कसला कपडा दाखवू?"

"म्हणजे तोही कुठंतरी दडवलास."

वहिनी रडायला लागली. रडत रडत म्हणाली, "मी देवावर हात ठेवून शपथ घेते. चला खाली, गणपतीवर हात ठेवते."

तेव्हा आत्याबाई जी किंचाळली ती मला अजून ऐकू येते. "विटाळाच्या हातानं देवाला शिवतेस? आधी माझं पीठ बाटवलंस, आता देव बाटवायला निघालीस?" आणि मग शांतपणे, गल्लीतल्या बायकांकडे बघत, "माणूस खोटं बोलेल. पापड बोलत नाही."

सगळे पापड उचलून गंगेत सोडले. वहिनीला चार दिवस सरपणाच्या खोलीत बसवलं. तिला ओकाऱ्या होत होत्या. आत्याबाई म्हणाली, पापाची खाल्लेली लाटी पोटात राहत नाही. आईनं एकदा तोंड उघडल्यासारखं केलं, पण आत्याबाईनं नुसतं पाहिलं आणि आई परत भांडी घासू लागली. चौथ्या दिवशी वहिनी न्हाली, गोमूत्र प्याली, गल्लीतल्या प्रत्येक बाईच्या पाया पडून आली. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, तिचा भाऊ न्यायला आला. जाताना तिनं माझं इतिहासाचं पुस्तक परत दिलं. त्यात तिनं पेन्सिलीनं प्रश्न लिहून ठेवले होते, दिवाळीपर्यंत पुरतील एवढे.

इथं जरा थांबते. माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक मुलगी राहते, अंबडच्या कारखान्यात इंजिनियर आहे, मोठमोठी यंत्रं चालवते. परवा दार वाजवून मला म्हणाली, "आजी, लोणच्याची बरणी तेवढी काढून देता का? मी आज हात लावत नाही." मी बरणी काढून तिच्या हातात दिली, जवळजवळ आदळलीच. ती घाबरली. तिचा काही दोष नाही. पण हसून सोडून देण्यासारखी ही गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी मी पुढचं लिहिते आहे.

श्रावण लागला आणि मनमाडहून व्याह्यांचं पत्र आलं. मुलीला पाचवा महिना आहे, सातव्यात डोहाळजेवण करू, आपण सर्वांनी यावं. अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं आणि त्यांच्या आवाजात मी कधी न ऐकलेला आनंद होता. तो एका वाक्यापुरता टिकला. आत्याबाई तांदूळ निवडत होती. ती अण्णांना म्हणाली, "पाचवा कसा?" मग बोटं दुमडत मोजू लागली. "चैत्रात बसली होती. सगळ्या गल्लीनं पाहिलं. चैत्रात बसलेल्या बाईला श्रावणात पाचवा महिना लागत नाही, विष्णू. आणि आपला मुलगा रंगपंचमीला गेला, तो काही मध्ये आला नाही. वैशाखापासून ती मनमाडात आहे. आता तूच काय ते समज."

अण्णा कोर्टातले. रोज साक्षीपुरावे लिहून काढायचे. फाल्गुनापासून मोजलं तर हिशेब बरोबर जमत होता, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. पण तसं मोजायचं तर वहिनी चैत्रात बाहेर बसण्यासारखी नव्हतीच हे मानायला हवं, म्हणजे आत्याबाई चुकली हे मानायला हवं, म्हणजे पापड खोटे हे मानायला हवं. तेवढं त्यांच्यानं झालं नाही. ते म्हणाले, "बघतो. कराचीला लिहितो." आणि पत्राची घडी घालून ठेवली.

नागपंचमीला झोक्यावरून उडी मारताना माझा पाय मुरगळला. घोटा टम्म सुजला. आत्याबाईचा हळद-चुन्याचा लेप गल्लीत प्रसिद्ध होता. तिनं वाटीत हळद घेतली, चुना घातला, पाणी शिंपडलं आणि बोटानं कालवलं. पिवळी हळद डोळ्यांदेखत लाल झाली. हे मी शंभरदा पाहिलं होतं. पण त्या दिवशी पाय ठणकत होता, दुसरं काही करता येत नव्हतं, आणि मी त्या वाटीकडेच बघत होते. मला गच्चीवरच्या रेघा दिसल्या. तोच रंग. मी विचारलं, "आत्याबाई, पापडखारानंही हळद अशीच लाल होते का?"

तिचं बोट वाटीत थांबलं.

"उखळीत हळद होती," मी म्हणाले. "मी धुतली नव्हती. नुसती पुसली. आत्याबाई, वहिनीचा विटाळ नव्हताच. ती हळद होती." मला वाटलं होतं की मी काहीतरी शोधून काढलं आहे. आता ती ओरडेल, मला दोन थोबाडीत देईल, आणि मग अण्णांना हाक मारील, आणि मनमाडला पत्र जाईल. मला थोबाडीत खायला आनंद झाला असता.

तिनं लेप माझ्या घोट्यावर लावायला सुरुवात केली. हलक्या हातानं, नीट. "तीस वर्षं पापड करते मी," ती म्हणाली. "खारानं हळद लाल होते हे मला तुझ्याकडून शिकायचंय?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"गच्चीवरच कळलं. पण तोंडातून आधीच निघून गेलं होतं. चार बायकांदेखत बोललेलं मी परत घेतलं, तर उद्यापासून या घरात मला कोण विचारील? तुझी आई? मी काय आहे इथं, सांग. भावाच्या तुकड्यावरची बोडकी." तिनं फडकं गुंडाळलं, गाठ मारली. मग माझ्याकडे पाहिलं. "उखळ तू धुतली नव्हतीस. एवढा अनर्थ कुणामुळे झाला हे अण्णाला कळलं, तर तो तुला शाळेत ठेवील? मी ठेवू देईन? फायनल द्यायची आहे ना? मग दे. गप्प बसून दे."

मी गप्प बसले. हे वाक्य लिहायला मला सत्तर वर्षं लागली, आणि लिहून झालं तर किती लहान आहे ते. मी गप्प बसले आणि अभ्यास केला, वहिनीनं पेन्सिलीनं लिहिलेले प्रश्न सोडवून अभ्यास केला. दादाचं कराचीहून पत्र आलं, की आत्याबाई म्हणेल तसं करा. मार्गशीर्षात मनमाडचं कार्ड आलं, मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, सुखरूप. ते चुलीत गेलं. मी फायनल पास झाले. पुढच्या वैशाखात दादा रजेवर आला आणि त्याचं दुसरं लग्न झालं. मी त्या लग्नात जेवले. माझं स्वतःचं मात्र जमेना. माझा रंग आणि माझे दात तर होतेच, पण घरातली सून टाकलेली आहे हे ऐकलं की लोक दारातूनच परत जात. आत्याबाईंच्या पापडांनी मलाही असं उजवलं. शेवटी अण्णांनी खटपट करून मला येवल्याच्या मुलींच्या शाळेत बाईची नोकरी मिळवून दिली.

येवल्याला जायचं म्हणजे मनमाडला गाडी बदलायची. मी सतरा वर्षांची होते, सोबत अण्णा होते आणि ते हमालाशी बोलायला गेले होते. मी ट्रंकेवर बसले होते. पलीकडून एक बाई जेवणाचा डबा घेऊन येताना दिसली, बोटाला एक लहान मुलगी. तिच्या वडिलांचा डबा असणार. ती बारीक झाली होती, पण मी लगेच ओळखलं. तिनंही ओळखलं. ती थांबली, मला वाटतं, वळून जाणारच होती. मी धावत गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, उखळ, हळद, खार, नागपंचमी, आत्याबाई काय म्हणाली ते. मी रडत होते. माणसं बघत होती.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे त्याच श्रावणात तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"ह्यांचं लग्न त्याच्या पुढच्या वैशाखात झालं," ती म्हणाली आणि थांबली. मधले महिने तिनं मला मोजू दिले. "एक कार्ड टाकायचंत, वन्सं. मला नाही तर माझ्या वडिलांना. ते उभे राहिले असते. त्यांच्याजवळ धरायला काहीच नव्हतं."

"शाळा बंद करीन म्हणाली होती," मी म्हणाले. बोलल्यावर ते किती हलकं आहे हे मला ऐकू आलं.

"फायनल झालात का पास?"

"झाले."

"बरं झालं," ती म्हणाली. टोमणा मारला असता तर मी सोसला असता. तिनं टोमणा मारला नाही.

मुलगी तिचा पदर ओढत होती. कपाळ अण्णांचं, कान दादाचे, कुणा आंधळ्यानंसुद्धा सांगावं असे. तिनं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "आई, ह्या कोण?"

मी तिची आत्या होते. तो शब्द माझ्या तोंडात आला, आणि मी वहिनीकडे पाहिलं, ती म्हणू देते का ते बघायला.

"शाळेतल्या बाई आहेत," वहिनी म्हणाली. "नमस्कार कर."

पोरीनं हात जोडले. मी म्हटलं, "सुखी राहा," आणि त्या दोघी डबा द्यायला गार्डाच्या डब्याकडे निघून गेल्या.